बारावा छर्रा

आधीच सांगते, चूक माझी नव्हती. म्हणजे शेवटी माझीच निघाली, पण ते शेवटी. रविवारी सकाळी नऊ वाजता ती शंभर टक्के नवऱ्याचीच होती.

आमच्या घरात टेबल एकच. अर्ध्यावर नवरा ऑर्डरचे केक करतो, अर्ध्यावर मी माझी रिमोटची रेसगाडी उघडून बसते. तिकडे मैदा, इकडे ग्रीस, मधे लाल चिकटपट्टीची हद्द. चौदा वर्षं हद्दीवरून कुरबुरी झाल्या, पण युद्ध झालं नाही. ते परवाच्या शुक्रवारी झालं. त्याच्या ऑर्डरी वाढल्यात, त्याला सगळं टेबल हवं होतं.

"तीन वर्षं डॉक्टरकडून हरतेयस," तो म्हणाला. "त्यासाठी अर्धं टेबल अडवायचं म्हणजे..."

झालं! माझं डोकंच फिरलं. "या रविवारी हरले तर टेबल तुझं! आणि गाडी देऊन टाकीन, कायमची!" बोलून बसले. गाडीशिवाय मी करू काय? पण शब्द मागे घेईन तर मी कसली.

डॉक्टर म्हणजे आमच्या क्लबातला दातांचा डॉक्टर. गोड बोलतो, गोड हसतो आणि शेवटच्या वळणावर आतून घुसून पुढे जातो. सलग तीन वर्षं.

तर रविवारी सकाळी मी डिफ जोडायला घेतला. डिफ म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधे बसणारी सुपारीएवढी चीज. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीने जाऊ द्यायचं आणि तरी एकत्र बांधून ठेवायचं, हे त्याचं काम. प्लास्टिकच्या दातेरी चाकात बारा भोकं, प्रत्येक भोकात ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक पोलादी छर्रा, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत चकत्या आणि हे सगळं दाबून धरणारा एक स्क्रू. स्क्रू सैल राहिला तर छर्रे घसरतात, गाडी जागेवर किंचाळते. फार आवळला तर गाडी वळायलाच तयार होत नाही.

बारा छर्रे आदल्या संध्याकाळीच वाटीत मोजून ठेवले होते. एकेक चिमट्याने बसवला, ग्रीस लावलं, चकत्या लावल्या, स्क्रू फिरवला. आणि आतून आवाज आला. कर्र!

पोलाद कर्र करत नाही. मी डिफ उघडला. अकरा छर्रे लखलखत होते आणि बाराव्या भोकात पांढरा चिखल. बोटावर घेऊन चाटला. ग्रीससकट.

गोड लागला.

"अहो!!" मी ओरडले. एरवी मी त्याला अरे म्हणते. अहो निघालं की त्याला कळतं, आभाळ फाटलंय.

तो पिठाच्या हातांनी धावत आला. त्याच्या वाटीत केकवर लावायच्या चंदेरी साखरेच्या गोळ्या होत्या. हुबेहूब तेवढ्याच, तशाच चमकणाऱ्या. "तुझी गोळी माझ्या वाटीत आलीच कशी?" मी कडाडले.

तो शांतपणे म्हणाला, "काल तुझा एक छर्रा घरंगळला होता. तू चष्मा न लावता टेबलावरून काहीतरी उचललंस आणि म्हणालीस, 'सापडला मेला.'"

म्हणाले होते खरी.

"मग माझा खरा छर्रा?"

त्याने हद्दीच्या पलीकडे, आपल्या बाजूला पाहिलं. मग रिकाम्या झालेल्या केकच्या पाटाकडे. तोंडावरचा रंगच उडाला. "टेबलावर एक गोळी पडली होती ती मी... केकवर लावली."

केक आमच्या क्लबाचाच होता. सकाळी आठलाच क्लबाचा चिटणीस घेऊन गेला होता. आणि आमच्या क्लबाची रीत अशी की जिंकेल त्याने केक कापायचा आणि पहिला मोठा घास सगळ्यांसमोर खायचा.

"म्हणजे डॉक्टर जिंकला," नवरा म्हणाला, "तर दातांच्या डॉक्टरचाच दात..."

आणि आम्हाला हसू फुटलं. मी रागावलेली होते हो, खरंच! पण पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग घड्याळ पाहिलं आणि पळालो. दुकान रविवारी बंद, माझ्याकडे जादा छर्रा एकही नाही, आणि डॉक्टरकडे मागण्यापेक्षा मी गाडी खांद्यावर घेऊन धावले असते.

क्लबाच्या खोलीत केक मधोमध विराजमान. वर साखरेची रेसगाडी आणि तिच्याभोवती शेकडो चंदेरी गोळ्या. "आता यातून शोधणार कसा?" नवरा कुजबुजला. मी माझा स्क्रूड्रायव्हर काढला. त्याच्या टोकाला चुंबक असतं. साखर चुंबकाला भीक घालत नाही, पोलाद उडी मारून येतं. मी केकवरून टोक फिरवू लागले, इंच इंच, श्वास रोखून.

"ताई," मागून आवाज आला, "केकलाही स्क्रू असतात?"

डॉक्टर! हातात चहा, तोंडावर तेच ते हसू.

"तुमच्याच दातांची काळजी करतेय," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात? तेवढ्यात टक! साखरेच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकातून माझा छर्रा उडाला आणि टोकाला चिकटला. पट्ठ्या तिथेही मागच्या चाकातच बसला होता!

रेसला वीस मिनिटं उरली. छर्रा पुसला, बसवला, बंद केलं. पण हसण्याने आणि धावण्याने माझे हात असे थरथरत होते की दोन्ही टोकं धरून स्क्रू फिरवता येईना. "धर," मी नवऱ्याला म्हटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने डिफला हात लावला. मी स्क्रू आवळला. आणखी आवळला. डॉक्टर खिडकीतून दिसला, तसा आणखी आवळला.

"थांब," नवरा म्हणाला. डोळे मिटून दातेरी चाक अंगठ्याने हळूच फिरवत होता. "आत खरखरतंय. तू फार पिळतेस."

"मी नेहमी एवढाच आवळते!"

"नेहमी हरतेसही."

तो रोज साखरेचा पाक बोटांनी जोखतो. त्याने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, केसभर सैल केला, फिरवून पाहिलं, पुन्हा केसभर. "आता बघ." मी फिरवलं. लोण्यासारखं फिरलं, आणि तरी घसरलं नाही. तीन वर्षं मी डॉक्टरवरचा राग त्या एका स्क्रूवर काढत होते.

रेसचं काय सांगू! आजवर प्रत्येक वळणावर ओढून न्यावी लागणारी माझी गाडी त्या दिवशी स्वतःहून वळत होती. शेवटच्या वळणावर डॉक्टर नेहमीसारखा आत घुसायला आला, तर आत मीच होते. गाडीभर अंतराने जिंकले! किंचाळले, नाचले, चिटणिसाला मिठी मारली. त्याच्या बायकोलाही मारली.

टाळ्या चालू असताना एकदम लक्षात आलं आणि मी नवऱ्याला बाजूला ओढलं. "टेबल गेलं रे तुझं. मला आवळू द्यायचं होतंस. आपोआप हरले असते."

"माहीत होतं की," तो म्हणाला.

"मग?"

त्याने मिशीवरचं पीठ पुसलं. "एवढ्या मोठ्या टेबलावर मी एकट्याने काय करायचं? अहो म्हणून ओरडणार कोण?"

तेवढ्यात डॉक्टरने सुरी माझ्या हातात दिली. मी केक कापला, मोठा घास घेतला आणि सगळ्यांसमोर चावला.

कर्र!

नवऱ्याने डोळे गच्च मिटले. मी जीभ फिरवून पाहिली. सगळे दात जागेवर होते.

"उघड डोळे," मी त्याला म्हटलं. "साखरच आहे."