बऱ्या माणसाला पाहायला

आजारी माणसाला पाहायला जायची आपल्याकडे रीत आहे. बऱ्या माणसाला पाहायला कोणी जात नाही. हे मला बरी झाल्यावर कळलं.

मागल्या उन्हाळ्यात शुगर वाढून मी नळापाशी चक्कर येऊन पडले, आणि अकोल्यातल्या माझ्या दोन खोल्यांत माणसांची रीघ लागली. शेंदूरजनाघाटची नणंद आली, तेल्हाऱ्याची भाची आली. प्रत्येकाच्या हातात गोड बिस्किटांचा पुडा. शुगरवालीला बिस्किटं! आणि माझा मुलगा कुलदीप अमरावतीहून दर रविवारी यायला लागला. शुगर तपासायचं मशीन काढायचा, माझं बोट धरायचा. सुई टोचायची, पण बोट त्याच्या हातात असायचं.

त्याला बरं वाटावं म्हणून मी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. सकाळ-संध्याकाळ फिरणं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दिवेलागणीला जेवण, वेळेवर झोप. चहातली साखर सोडताना जिवावर आलं, पण सोडली. सवयी अंगवळणी पडल्या आणि मी मूर्खासारखी बरी होत गेले.

दिवाळीनंतर एकदा मशीन पाहून कुलदीप खूश झाला. "आई, तू तं एकदम ठणठणीत हायेस. माह्यं टेन्शनच गेलं." जाताना मशीन माझ्या कपाटात ठेवलं. "आता तूच पाहत जाय."

तेव्हापासून तो आला नाही. ऑफिसचं काम, मुलीचे क्लास. कारणं खरी होती, म्हणून भांडताही येईना.

एका संध्याकाळी मी गुळाचा डबा काढला. चांगला मोठा खडा हातात घेतला. हा खाल्ला की आकडा वाढणार, आकडा वाढला की पोरगा येणार. खडा तोंडापर्यंत नेला आणि माझाच मला संताप आला. एवढ्या कष्टानं सावरलेलं शरीर असं वाया घालवायचं? खडा डब्यात टाकला आणि फोन लावला.

"कुलदीप, रविवारी ये."

"काहून? काही होऊन राहिलं का तुले?"

"काही नाही होऊन राहिलं. बरी हाओ, म्हणून ये."

तो म्हणाला, "पाहतो, आई."

रविवारी मी दोघांपुरत्या भाकरी थापल्या. नणंदेनं पाठवलेली संत्री धुऊन ताटात मांडली. दुपार टळली. फोनही नाही. मला फार एकटं वाटलं, आणि त्यावर डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं.

फिरायची वेळ झाली. मी संत्री पिशवीत भरली आणि मागच्या गल्लीतल्या तानुबाईकडे गेले. तीही एकटीच राहते, आणि तिची तब्येत दगडासारखी. पिशवी पाहून ती घाबरलीच.

"काहून वं पार्वताबाई? माह्याबद्दल काही आयकलं का?"

"नाही. तू बरी हायेस, म्हणून पाहाले आली."

तानुबाई पदरानं खुर्ची पुसायला लागली. खुर्ची स्वच्छच होती, तरी बराच वेळ पुसत राहिली. माझ्याकडे पाठ करून.