राखाडी ठिपक्याचं गुलाबी तेज

तेजोबाबांच्या परसात चपलांचा ढीग पडला होता. कित्येकांनी अक्कलही तिथेच काढून ठेवली होती. उन्हाळ्याच्या रात्रीचं निरभ्र आकाश, परसाच्या मधोमध दुर्बीण. एकेक जण आत बघायचा, तर राखाडी, धुरकट ठिपका.

"अहंकाराने रोखून बघाल तर तेज लपेल!" बाबा गरजायचे. "नम्र व्हा, नजर जरा बाजूला न्या."

आणि खरंच, ठिपका उजळायचा! मग बाबा दुर्बिणीला कॅमेरा लावून डोळे मिटून मंत्र पुटपुटायचे आणि पडद्यावर तोच ठिपका गुलाबी होऊन फुलायचा. हेच बाबा पूर्वी पासपोर्टचे फोटो काढायचे. तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर तेज उतरल्याचं ऐकिवात नव्हतं.

रांगेतल्या एका मावशीला मात्र नजर कितीही वळवली तरी काही दिसेना. तिला काचबिंदू. बाबांनी तिथल्या तिथे निदान केलं होतं, "तुमचं पाप आड येतंय, आणि हे औषधाचे थेंबही. थेंब बंद करा." आणि मावशीने बाटली फेकून दिली होती. ते कळताच तिची भाची, डोळ्यांची डॉक्टर, तडक परसात येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही खुशाल मंत्र म्हणा," ती गोड आवाजात म्हणाली. "मी फक्त दुर्बिणीवर झाकण ठेवते."

मंत्र झाला. पडदा काळाकुट्ट.

"आता झाकण काढते. तुम्ही तोंडात पाण्याची गुळणी धरा."

"हा अपमान आहे!"

"धरा हो बाबा, पाणीच तर आहे," गर्दीतून कुणीतरी खिदळलं.

बाबांचे गाल फुगले. भाचीने कॅमेरा सुरू केला. थोड्या वेळाने पडद्यावर गुलाबी तेज!

"मनातल्या मनात म्हटला असेल मंत्र," एक भक्त चिवटपणे म्हणाला.

"मघाशी तर मोठ्याने म्हटला होता. झाकणाला ऐकू आला नाही का?" भाची म्हणाली. "अहो, हा आकाशातला वायूचा ढग. इतक्या अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. कॅमेरा उजेड साठवत राहतो, म्हणून त्याला कळतो. मंत्र म्हणजे नुसता तेवढा वेळ काढणं. आणि अंधुक गोष्ट डोळ्याच्या कडेनेच जास्त चांगली दिसते. उर्मटपणे बाजूला बघा, तेवढीच दिसेल."

"मग मलाच का गं दिसेना? माझं काय पाप?" मावशीने विचारलं.

"पाप कसलं! काचबिंदूने तुझी कडेची नजर खाल्लीय, मावशी. ती परत येणार नाही. उरलेली थेंबांनीच टिकेल."

मावशी बाबांकडे वळली. "आणि तू मला थेंब बंद करायला लावलेस?"

बाबांच्या तोंडात अजून पाणी होतं.

आकाश जरूर बघा, थक्क व्हा. पण कुणी औषध बंद करा म्हणाला, तर पुरावा मागा. पुराव्याऐवजी तो तुमचं पाप काढू लागला, तर उठा आणि थेट दवाखाना गाठा.