चार पिकांची ऊब

जानेवारीत नेदरलँड्समधल्या टिलबर्गला बर्फ पडला की बर्टस क्लासेनला श्वास घ्यायला फुरसत नसायची. रांगेतल्या सगळ्या कौलांवर पांढरं आणि मधल्याच एका घराची कौलं ओली, लाल दिसली की शेजारी लगेच फोन उचलायचे. माळ्यावर दिवे लावून गांजा वाढवतायत, त्या उबेने बर्फ वितळला, दुसरं काय! मग पोलिसांबरोबर वीज कंपनीचा माणूस म्हणून बर्टस जायचा. मीटरला चुकवून ओढलेली तार शोधायची, दिवे मोजायचे आणि चोरलेल्या विजेचा आकडा मांडायचा, हे त्याचं काम. आकड्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, निदान तो स्वतः तरी सगळ्यांना तसंच सांगायचा.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना बिनबर्फाच्या छपराची आणखी एक तक्रार आली. पत्ता वाचून त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. त्याच माळ्यावरून आठ वर्षांपूर्वी त्याने टिनेका नावाच्या एका विधवेचे दहा दिवे उतरवले होते.

टिनेका लोकरीच्या गिरणीत राबून म्हातारी झालेली बाई. कोणी एक माणूस व्हॅन घेऊन आला, दिवे, कुंड्या, पाण्याचं पिंप सगळं मांडून गेला आणि तिला वाटा कबूल केला. त्या दिवशी ती एप्रनला हात पुसत पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

"अहो, पहिलंच पीक आहे हे. अजून कापलंसुद्धा नाही. या एकाची वीज मी चोरली, कबूल आहे, भरीन मी."

बर्टसने पिंपात टॉर्च मारला होता. "बाई, आत पांढऱ्या रेघा दिसतात ना? पाण्यातला क्षार. दर पिकाला एक रेघ. पाच आहेत."

"पिंप जुनं आहे हो! त्याने कुठून तरी उचलून आणलं."

"सगळे असंच म्हणतात."

दिव्यांच्या झाकणांवर पाच पिकांची धूळ नव्हती. ते बर्टसला दिसलं होतं, अगदी स्वच्छ दिसलं होतं. पण जेवायची वेळ झाली होती, अजून दोन घरं बाकी होती, आणि रेघा मोजणं सोपं होतं. दहा दिवे, प्रत्येकी सहाशे वॉट, म्हणजे तासाला सहा युनिट. रोजचे बारा तास, बहात्तर युनिट. वीस सेंटचा दर धरला तर महिन्याला चारशे बत्तीस युरो. सत्तर दिवसांचं एक पीक, अशी पाच. पाच हजार चाळीस युरोंचा आकडा त्याने जिन्यावर उभ्याउभ्याच लिहिला. भाड्याचं घर तर बाईच्या हातून गेलंच, वर महिना साठ युरोंचा हप्ता मानेवर बसला. बर्टस मात्र तिथून निघून गाडीत बसला आणि डबा उघडून सँडविच खाल्लं.

आता त्या दारात लोनेका नावाची तरुण मुलगी कडेवर बाळ घेऊन उभी होती.

"या, या! सगळी गल्ली मला गांजावाली म्हणायला लागलीय. एकदा वर जाऊन बघा आणि त्या समोरच्या म्हाताऱ्याला चांगलं ठणकावून सांगा. दिवसभर पडद्याआडून टकामका बघतो मेला."

मीटर चोख होता. चुकवलेली तार कुठेच नव्हती. बर्टस माळ्याच्या शिडीवर चढला आणि झाकण उचलताच तोंडावर ऊब आली. माळा रिकामा होता. बाळाचे कपडे वाळत घातलेली एक दोरी, बस. बाहेर उणे तीन आणि आत अठ्ठावीस. तीस वर्षं हेच केलेला माणूस तो, कौलांखालच्या उबेवरून दिवे ओळखायचा. हे दहा दिवे होते. त्याने हात वर धरला तेव्हा तळव्यापेक्षा हाताची वरची बाजू जास्त तापली, डोक्यावर दिवा टांगलेला असावा तशी.

"किती दिवस झाले हे?" त्याने वरूनच विचारलं.

"दोन मेपासून. आमचा हा मेस एक तारखेला जन्मला ना, दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं आणि कपडे वर टाकले, तर तासाभरात खडखडीत! सकाळी सातला सुरू होतं, संध्याकाळी सातला बंद. माझा नवरा म्हणतो, फुकटात मिळतंय तर गप बस."

"भीती नाही वाटत?"

"कपडे वाळवणाऱ्या भुताला कोण भिणार हो?" ती हसली. बर्टसला हसू आलं नाही.

ऑफिसात परतून त्याने टिनेकाचं जुनं खातं उघडलं. चौऱ्याऐंशी हप्ते, एकही चुकलेला नाही. शेवटचा तीस एप्रिलला. खाली तिच्या बहिणीचा नंबर होता. त्याने तो फिरवला, आणि का फिरवतोय हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"टिनेका? गेली ती. एक मेला," बहीण म्हणाली. "सात वर्षं माझ्याकडे एका खोलीत काढली. हिवाळ्यात कोट घालून बसायची, हीटर लावू द्यायची नाही. शेवटचा हप्ता भरला तेव्हा मात्र खुलली होती. म्हणाली, एका पिकाचं देणं मी देऊन टाकलं. चार पिकांची वीज आता माझी आहे, पैसे भरलेत मी तिचे. तुम्ही कोण बोलताय?"

बर्टसने फोन ठेवून दिला.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. चार पिकं म्हणजे दोनशेऐंशी दिवस. दोन मेपासून मोजले तर शेवटचा दिवस पाच फेब्रुवारी. सहा फेब्रुवारीलाही माळा गरम निघाला तर कारण दुसरं काही असेल, शेजारचं धुराडं, वाऱ्याची तऱ्हा, काहीही. मग पाच रेघा म्हणजे पाचच पिकं, बाई खोटारडी आणि तो मोकळा. आयुष्यात कधी प्रार्थना न केलेला हा माणूस माळा गरम राहावा म्हणून प्रार्थना करू लागला. अहवालात त्याने लिहिलं, आक्षेपार्ह काही आढळलं नाही. पण अन्न गोड लागेना. फ्रिज गुणगुणला तरी दचकायचा.

"बर्टस, झोपेत बहात्तर बहात्तर काय म्हणत असतोस रे?" बायकोने नाश्त्याला विचारलं.

"ऑफिसचं आहे," तो म्हणाला आणि पाव तसाच ठेवून उठला.

पाच फेब्रुवारीला दुपारी तो काहीतरी निमित्त काढून गेला. माळा गरम होता. त्याला इतकं बरं वाटलं की लोनेकाने दिलेली कॉफी तो चक्क दोनदा प्यायला. आणि सहा तारखेला सकाळी साडेसातलाच त्याने पुन्हा बेल वाजवली.

"अहो बर्टस, बरं झालं आलात!" लोनेका पायजम्यातच होती. "संपलं बघा ते! आज वर नुसता गारठा आहे. आता ही गल्ली तोंड बंद ठेवील. पण कपड्यांचं काय करू सांगा?"

तो शिडी चढला. झाकण उचललं आणि थंडी अंगावर आली. त्याने हात वर धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. काहीच नव्हतं. कौलांच्या फटीतून वारा येत होता आणि बोटं बधिर होत चालली होती. त्या बाईला त्याने जिन्यावर उभ्याउभ्या चोर ठरवलं होतं, तिला घराबाहेर काढलं होतं आणि सात हिवाळे कोटात बसवलं होतं.

"सापडलं का काही?" खालून लोनेकाने विचारलं.

बर्टसने हात खाली घेतला. टिनेकाने तिची चार पिकं घेतली होती, आणि त्यावर एक युनिटसुद्धा जास्त घेतलं नव्हतं.