वच्छलेचा सागवानी फळा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फळा आहे आणि, आधीच सांगून टाकतो, फार मत्सरी होतो.

आसगावच्या डोमा सुताराने मला १९७१ साली घडवले. शेतमजुरी करणाऱ्या परसरामची मुलगी वच्छला मॅट्रिकला गणितात पहिली आली, म्हणून बापाने मला करवून घेतले. पुढे ती पवनीच्या कॉलेजात शिकवू लागली. बापाबरोबर मीही बैलगाडीतून तिच्या खोलीवर गेलो.

१९७९ पासून वच्छला पीएच.डी.साठी एकाच प्रश्नामागे होती. माझ्यावर चौकोन काढून तिने तो बापाला समजावला, "बाबा, दोघं जण कुलूपबंद चिठ्ठ्या पाठवतात. मधात एक लबाड माणूस. थो चिठ्ठ्या अडवते, बदलवते, जुन्या पुन्हा पाठवते. कुलूप न तोडता त्याले गुपित भेटू शकते. चिठ्ठ्या पाठवायचे कोणतेही नियम देले, की गुपित फुटन का नाही हे नक्की सांगणारी एक रीत मले पाहिजे."

रोज ती माझ्यापुढे उभी राही. मी सुखात होतो.

मग १९८४ मध्ये नागपूरच्या एका संस्थेत तिला कॉम्प्युटर वापरायची परवानगी मिळाली. दर शनिवारी ती एसटीने जाई, त्याने छापलेले, कडेला भोके असलेले लांब कागद घेऊन येई आणि ते माझ्याच छातीवर खिळ्यांनी ठोकी! "बाबा, माह्या आठ दिवसाचं काम त्यानं दहा मिनिटात केलं!" ती म्हणे. मी जळून जाई. मनात म्हणे, बंद पड मेल्या.

आणि ते यंत्र अडलेच. गुपित फुटणारे असले की यंत्र लबाडाचा डाव शोधून थांबे. फुटणारे नसले की कित्येकदा शोधतच राही. डाव अजून सापडला नाही, की तो नाहीच, हे त्याला कळेना. तशात मार्गदर्शकांचे पत्र आले, मार्चपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द होईल. वच्छला मला पाठ टेकून बसली आणि हमसून रडली. मला हवे होते यंत्राने हरावे. हरत होती ती.

"काहून रडून राहिली वं?" परसराम गोंधळून म्हणाला. "थे रीत आहेच, हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणीच नाही," ती चिडून म्हणाली. आणि ताडकन उठली. "नसनच, तर?"

तिने कागद उतरवले आणि खडू घेतला. चार दिवस लिहीत होती. कोणत्याही यंत्राची एकेक पायरी तिने एकेका चिठ्ठीत बसवली. नियम असे केले, की यंत्र थांबले तरच गुपित फुटेल. पण कोणते यंत्र थांबेल, हे सगळ्याच यंत्रांबद्दल सांगणारी रीत नसते, हे गणिताने आधीच सिद्ध केले होते. तिची रीत असती, तर हेही सांगता आले असते. म्हणजे तिची रीतही असूच शकत नव्हती.

"सहा वर्सं घालवली, अन उत्तर नाही?" बापाने विचारले.

"नाही हेच उत्तर आहे, बाबा. यंत्रावर नाही, अन या फळ्यावरही नाही. थे यंत्र थांबत नव्हतं, म्हणूनच मले सुचलं."

माझा सगळा तोरा उतरला. ज्याला मी शिव्या दिल्या, त्यानेच तिला वाट दाखवली होती.

पुढच्या वर्षी ती डॉक्टर वच्छला होऊन नागपूरला गेली. मी आता परत आसगावच्या ओसरीत उन्हाने तडकत आहे. मित्रांनो, फळ्याला सावलीत ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आणि शेजारी कुणी सरस आले, तर ते बंद पडावे असे कधी मागू नका. ज्याच्या प्रेमापायी आपण जळतो, त्याचेच काम बंद पडते.