भिंतीपलीकडचं बोलणं

आमच्या घरात खरं बोलायची जागा ठरलेली होती: स्वयंपाकघर. हॉलमध्ये आम्ही सगळे सज्जन. "जेवूनच जा हो," हे सोफ्यावर म्हणायचं आणि "हे जेवूनच टळणार वाटतं," हे ओट्यापाशी. मधे एक विटांची भिंत. आमची सगळी सभ्यता तिने पेलून धरली होती.

ती भिंत मेहुण्याने पाडली. तो लोकांची घरं सजवून देतो. त्याच्या मते आमच्या घरात मोकळेपणा नव्हता. मोकळेपणा आला आणि पाठोपाठ माझी थोरली बहीण आली. दोन दिवसांसाठी.

आठवडा झाला. बायको ओट्यापाशी कांदा चिरताना ताईकडे बघून हसायची, ताई सोफ्यावरून तिच्याकडे बघून हसायची. मला दोघींची भीती वाटू लागली.

"अहो, बाथरूममध्ये या जरा," एके सकाळी बायको ओठ न हलवता म्हणाली. गेलो. तिने नळ सोडला. "ताई जाणार कधी?"

"तू विचार."

"बहीण तुमची."

बाहेर आलो तर दारात ताई, टॉवेल घेऊन. तिने आम्हाला आळीपाळीने न्याहाळलं. "या वयात," एवढंच म्हणाली.

दुपारी तिने मला गाठलं. "मी निघायचं कधी?"

"अगं, राहा की. घर तुझंच आहे."

"सोफ्यावरचं नको सांगूस. इतकी वर्षं तुझी बायको पलीकडे भांडं आपटून 'अजून आहेतच का' म्हणाली, की मी पिशवी भरायची. कुणाला वाईट वाटायचं नाही. आता जो तो गोड. माणसाने ओळखायचं कसं? तिकडे नवऱ्याला वाटतंय, मी रुसून आलेय."

हे बायकोला सांगायला घरात जागा नव्हती. शेवटी ताईनेच दोरी बांधली आणि भिंत होती तिथे एक चादर टाकली. बायको मुकाट्याने चादरीआड गेली. ताई पिशवी मांडीवर घेऊन, पाठ करून सोफ्यावर बसली.

मग भांडं आपटलं.

"दोन दिवस सांगून आठवडा काढला," चादरीआडून आवाज आला, अगदी जुना, विटांच्या काळातला. "आता कुठे सवय झाली त्यांची, तर निघाल्या. मग या घरात मी बोलायचं कुणाशी? ह्यांच्याशी?"

ताईने पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याला फोन लावला. "रुसले नाहीये. चार दिवसांनी येते."

मला बायकोच्या त्या 'ह्यांच्याशी?'वर थोडं बोलायचं होतं. पण ते पलीकडचं बोलणं होतं, आणि पलीकडचं आमच्याकडे कुणाला ऐकू येत नाही.