आधीची गोष्ट

खाणीतून फोन आला तेव्हा मी मटण कापत होते. छत कोसळलं, सायात गेला. माझा भाऊ, म्हणजे सायातचा बाप, टोपीसुद्धा न घालता बाहेर धावला. जाताना मला दम देऊन गेला, "मोल्दीरला काही बोलायचं नाही. गावाहून बाबा निघालेत, तेच सांगतील."

आमच्यात मरणाची बातमी अशीच देतात. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने, चार म्हातारे सोबत घेऊन, गेलेल्याचं नाव न घेता, आडून आडून. तोवर कुणी ब्र काढायचा नाही. ही रीत ज्याने काढली, त्याला त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभं करायला हवं होतं.

पलीकडच्या खोलीत मोल्दीर, सायातची बहीण, पुस्तक घेऊन लोळत होती. चांगली सतरा वर्षांची घोडी. जादू, किल्ले आणि बोलणारे लांडगे असलेली पाच जाडजूड पुस्तकं त्या बहीणभावांनी हिसकाहिसकी करून वाचलेली. आता सहावं आलं होतं, आणि त्यात म्हणे पहिल्याच्याही आधीची गोष्ट होती.

"आत्या, यात आर्दान जिवंत आहे गं!"

"कोण मेला आर्दान?" बोलून गेले आणि जीभ चावली.

"राणीचा भाऊ. पहिल्या पुस्तकात सुरुवातीलाच मरतो. इथे बघ, बहिणीच्या वेण्या ओढतोय, बाता मारतोय. त्याला काही माहीत नाही आणि मला सगळं माहीत. लाज वाटते गं वाचताना."

"मग नको वाचूस."

"छे! सायात आला की त्यालाही वाचून दाखवणार. फोनच उचलत नाही गाढव."

"खाणीत कुठली आलीय रेंज!" मी डाफरले. "आणि पाय खाली घे सोफ्यावरून, ढीगभर कामं पडलीत." रडू आवरायला मला दुसरं काही येत नाही.

दुपारी बाबा आले. मागे चार म्हातारे. मोल्दीर गडबडीने उठली. बाबांनी चहाला हात लावला नाही. घसा खाकरून त्यांनी सुरू केलं, "पोरी, एक ससाणा होता. उंच कड्यावरून उडाला..."

ती पांढरीफटक पडली. तो ससाणा परत येत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तिला धरायला गेले, तर तिने मला झिडकारलं.

"थांबा, आजोबा! नाही उडाला तो अजून. त्याच्या आधीचं सांगा."

"पोरी..."

"आधीचं सांगा ना!"

असं कधी कुणी मागितलं नव्हतं. बाबा तिच्याजवळ खाली बसले.

"लहानपणी," ते म्हणाले, "घोड्याला फार भ्यायचा सायात."

नाव घेतलं त्यांनी. रीत तिथेच मोडली, पण कुणी त्यांना अडवलं नाही. बाबा सांगत गेले. पडलेला दात, शाळेतल्या मारामाऱ्या, खाणीतला पहिला दिवस. मोल्दीर मान हलवत ऐकत होती, एकदा तर चक्क हसली. मी ओढणी तोंडात कोंबून भिंतीला टेकले होते. सांगता सांगता बाबा आज सकाळच्या पाळीपर्यंत आले आणि त्यांचा आवाज बसला.

तेव्हा मोल्दीरने टाहो फोडला.