सतरा दिवसांची वाट

आमचे सर विद्यापीठातल्या आमच्या विभागापासून फाटकापर्यंतसुद्धा गाडीने जातात. माणसाला चालायला किती वेळ लागतो, हे त्यांना कुठून कळणार? तरी पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या प्रवासांबद्दल त्यांचा शब्द अखेरचा, असं सगळे म्हणतात. अकरा वर्षं मीही म्हणत होते.

मी त्यांची विद्यार्थिनी. वय बेचाळीस, नोकरी तात्पुरती, दरवर्षी नव्याने हातापाया पडून मिळवलेली. सर वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांची जागा मला मिळायची तर त्याआधी प्रबंध मंजूर व्हायला हवा होता. आईला एवढंच ठाऊक होतं, की मी कुणा प्रचारकाच्या मागे लागले आहे.

"पोचला का गं तुझा बाबा?" ती रोज विचारायची.

"तो कधीच पोचला, आई," धाकटा भाऊ म्हणायचा. "हीच अजून वाटेत आहे."

माझी पद्धत साधी होती. प्रवासाचा एक दिवस, एक कार्ड. कुठून निघाला, कुठे मुक्काम, चढ किती, नदी कुठे ओलांडली. एका रविवारी डोंगरापासून बंदरापर्यंतची कार्डं फरशीवर मांडली, तर ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. एक्केचाळीस. सरांच्या गाजलेल्या नकाशात हीच वाट सतरा दिवसांची आहे. मी तीनदा मोजलं, मग सरांच्या तळटिपा धुंडाळल्या. त्यांनी घोड्यावरच्या सरकारी जासुदांचा वेग धरला होता, आणि आमचा प्रचारक पायी होता, तोही आजारी.

फरक चोवीस दिवसांचा, पण तेवढ्यात हिवाळा लागतो. त्या काळी हिवाळ्यात जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवत. म्हणजे तो त्या वर्षी समुद्र ओलांडूच शकला नाही. त्याचं जे पत्र पलीकडच्या किनाऱ्यावर लिहिलं गेलं असं सर तीस वर्षं सांगत आले, ते अलीकडच्या किनाऱ्यावरच, बंदरात अडकून पडल्यावर लिहिलेलं होतं.

मी कार्डं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती शांतपणे चाळली.

"पदवी हवीय ना तुला?" ते म्हणाले. "मग नकाशा माझाच राहू दे. नोकरी लागली की काय वाद घालायचाय तो घाल."

मी शेण खाल्लं. दुसरा शब्द नाही त्याला. एक्केचाळीस खोडून सतरा लिहिलं आणि प्रबंध बांधायला टाकला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बारीक चणीच्या, सपाट चपला घातलेल्या. त्यांनी नकाशाचं पान उघडलं.

"अकराशे किलोमीटर सतरा दिवसांत. म्हणजे रोज पासष्ट. आजारी माणूस, डोंगरातून, पायी. तुम्ही कधी चालला आहात का हो?"

मी सरांकडे पाहिलं. आता ते म्हणतील, हा आकडा माझा आहे. मला खरंच तसं वाटलं होतं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

"मी हिला बजावलं होतं," सर म्हणाले, "वेग पुन्हा तपास म्हणून. घाई नडली."

खोलीत पाचजण होते. कार्डं माझ्या पिशवीत होती. काढून टेबलावर ठेवायला क्षण पुरला असता.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

दुरुस्ती करून सहा महिन्यांनी या, असं ठरलं. सरांची जागा त्याआधीच भरली जाणार, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. त्या एक्केचाळीस दिवसांचं नीट टिपण करून दे मला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, त्यात घालून टाकतो. प्रस्तावनेत तुझे आभार मानीन."

"कधीपर्यंत देऊ?" मी विचारलं, आणि त्यांची बॅग उचलून त्यांच्यामागून जिना उतरू लागले.